ज्वारीचा माल्ट-पाक घरी काढताना: मांडणी कशी लावावी, कशी सुधारावी

पहिल्या खेपेला पाच किलो मोडाची ज्वारी भरडली, गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, शिजवली आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायला घेतली. रस गळेना. फडक्याला आतून खळीसारखा चिकट थर बसला. मी आणि जाऊबाई दोन्हीकडून पीळ देत बसलो, तेव्हा दीड तासात जेमतेम चार लिटर गढूळ पाणी निघालं. चव मात्र गोड होती. साखर नाही, गूळ नाही, निव्वळ ज्वारीची गोडी. त्या गोडीपायी मी पुढची दोन वर्षं भांडी बदलत राहिले. आता त्याच पाच किलोतून तीन किलोच्या आसपास दाट, तांबूस पाक निघतो आणि गाळायला एकट्या माणसाला तासभर लागतो. ज्वारी तीच, चूलही तीच. मांडणी तेवढी बदलली, म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त मांडणीवरच बोलणार आहे.

ही मांडणी मुळात बिअरवाल्यांची. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त तीन वर्षं जर्मनीत होता. तिकडे हौशी लोक घरी धान्यापासून बिअर काढतात आणि त्या पद्धतीला ‘ऑल-ग्रेन’ म्हणतात, म्हणजे तयार अर्क विकत न आणता मोड आणलेल्या धान्यापासूनच सुरुवात. मोडाच्या दाण्यात एन्झाइम तयार होतात. भरडलेलं धान्य ठरावीक गरम पाण्यात धरून ठेवलं की हे एन्झाइम दाण्यातल्या स्टार्चची साखर करतात. मग गोड रस गाळून घ्यायचा. बिअरवाले त्यात पुढे हॉप्स (एका वेलाची कडू फुलं) आणि यीस्ट घालतात. आपण तिथेच थांबायचं आणि रस काकवीसारखा आटवायचा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर काढायला १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे, आणि आमचा वर्धा जिल्हा तर गडचिरोलीसारखाच पूर्ण दारूबंदीचा. म्हणून एक अट आधीच सांगते: ज्या दिवशी रस गाळला त्याच दिवशी तो आटवायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघडा रस रात्रभर राहिला तर सकाळी त्याला फेस येतो, आणि फेस आलेला रस टाकूनच द्यावा लागतो.

ज्वारीचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली ज्वारी, हे काही नवं खूळ नाही. आफ्रिकेत ज्वारीचे मोड आणून पेय करण्याची पद्धत फार जुनी आहे. बिअरचं नेहमीचं धान्य सातू, म्हणजे बार्ली. १९८८ मध्ये नायजेरियाने सातूच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनाही ज्वारीकडे वळावं लागलं. आपल्या वावरात पिकणारं धान्य सातूची जागा घेऊ शकतं हे मला तिथूनच पटलं. पण सातूसाठी बेतलेली मांडणी ज्वारीला जशीच्या तशी चालत नाही. त्याची कारणं दोन, ती पुढे ओघात येतील.

ज्वारी कोणती घ्यावी

पांढरी, टपोरी, यंदाची पण काढणीनंतर दोन-तीन महिने ठेवलेली ज्वारी घ्या. अगदी ताजा दाणा नीट उगवत नाही. तांबड्या ज्वारीच्या काही वाणांत टॅनिन हे तुरट द्रव्य जास्त असतं, ते एन्झाइमचं काम अडवतं. खरिपाची ज्वारी कणसात असताना पाऊस लागून काळी पडली असेल तर ती या कामाला अजिबात नको. तो काळा रंग बुरशीचा असतो, आणि मोड आणायला ओलावा दिला की ती बुरशी आणखी फोफावते. पेरणीसाठी आणलेलं पाकिटातलं रंगीत बियाणं तर चुकूनही घेऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते धुऊन जात नाही.

शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधा आणि तिसऱ्या दिवशी उघडा. नव्वदच्या वर उगवले तरच पुढचा खटाटोप करा.

मोड, वाळवण आणि एक धोका

सहा किलो ज्वारी घ्या, घट आणि मोड जाऊन पाच किलो माल्ट हाती येतो. दाणे पाण्यात टाकून वर तरंगणारे काढा. मग अठरा ते वीस तास भिजवा. दर सहा तासांनी पाणी बदला, आणि बदलताना तासभर दाणे निथळत उघडे ठेवा, कारण दाण्यालाही हवा लागते. नंतर ओल्या पोत्यावर दोन-तीन बोटं जाडीचा थर पसरा, वर दुसरं ओलं पोतं. दिवसातून तीनदा पाणी शिंपडा आणि हाताने दाणे खालीवर करा. ज्वारीला मोडासाठी २५ ते ३० अंशांची ऊब हवी असते. म्हणून मी हे काम दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत करते. मे महिन्यात ४५ अंशांत मोड येण्याआधी वास येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मुळं इंचभर होतात, तेव्हा थांबायचं.

वाळवणासाठी मी फेब्रुवारीत रिकामाच पडलेला कूलर वापरते. त्याचे गवताचे पॅड काढायचे, पाण्याची मोटर बंद ठेवायची आणि समोर लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून तीवर माल्टचा पातळ थर पसरायचा. पहिला दिवस सावलीतल्या वाऱ्यावर, दुसरा-तिसरा दिवस उन्हात. ओला माल्ट थेट कडक उन्हात टाकला तर एन्झाइम दबतात, म्हणून हा क्रम पाळते. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला की वाळला.

आता धोक्याचं. ज्वारीचं कोवळं पीक खाऊन जनावर दगावतं हे आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. त्या कोवळ्या पानांत धुरीन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. ज्वारीच्या मोडात, म्हणजे कोंबात आणि मुळांत, तेच द्रव्य असतं. म्हणून मोडाची ज्वारी मटकीसारखी कच्ची खायची नाही. वाळलेला माल्ट पोत्यावर घेऊन दोन्ही तळव्यांनी जोरात चोळायचा. मुळं-कोंब मोडून पडतात. ते चाळून आणि सुपाने पाखडून पूर्ण काढायचे. माझ्या सासूबाई तूर पाखडायच्या त्या हाताने दोन-तीनदा पाखडतात, तोवर सुपात फक्त फिकट, बोडका दाणा उरतो. काढलेली मुळं शेळीला किंवा गाईला घालू नका, उकिरड्यात पुरा. पुढे माल्ट शिजवताना भांड्यावर झाकण ठेवायचं नाही आणि चूल शक्यतो आंगणात लावायची, म्हणजे उरलंसुरलं वाफेबरोबर उडून जातं.

भरड

गावच्या चक्कीवर ज्वारी दिली की पीठच होऊन येतं. मला डाळ भरडायचं घरचं जातं बरं वाटलं. एका दाण्याचे चार-पाच तुकडे व्हावेत, थोडं पीठ झालं तरी चालतं. चक्कीवरच न्यायचं असेल तर ‘पशुखाद्यासारखी जाडी भरड’ असं सांगा आणि पहिली मूठ हातात घेऊन बघा.

भांडी: काय लागतं, काय नको

तीन भांडी लागतात. एक, पंचवीस लिटरचा स्टीलचा गंज, शिजवायला. दोन, लग्नाच्या पंगतीत थंड पाण्यासाठी ठेवतात तसला वीस लिटरचा दुहेरी भिंतीचा जार, ऊब धरायला आणि गाळायला. तीन, पसरट कढई, आटवायला. गुळाची किंवा हलवायाची कढई भाड्याने मिळत असेल तर तीच घ्या. याशिवाय लांब दांड्याचा लाकडी सराटा, दहा लिटरचं एक पातेलं आणि थर्मामीटर.

भांड्यांच्या बाबतीत एका गोष्टीवर मी कुणाचंही ऐकत नाही. निळे प्लास्टिकचे पिंप गावात स्वस्त मिळतात आणि त्यातल्या कितीतरी पिंपांत आधी कीटकनाशक किंवा रसायन असतं. दहा वेळा धुतलं तरी ते प्लास्टिकमध्ये मुरलेलं राहतं. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने किती घरं रडली हे आपण पाहिलं आहे. जुनं पिंप खाण्याच्या कामाला घेऊ नका. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको.

जार घेताना आतलं प्लास्टिक खाद्यपदार्थांसाठीचं आहे का ते तळाशी बघा. घरी आणला की त्यात ८० अंशांचं पाणी भरून अर्धा तास ठेवा. आतली भिंत फुगली किंवा प्लास्टिकचा वास आला तर तो जार पाण्यालाच ठेवा. माझा पहिला जार असाच गेला. तेव्हापासून दुकानातच गरम पाणी मागवते आणि तपासूनच पैसे देते.

जाराची मूळची प्लास्टिकची तोटी गरम रसाला टिकत नाही. ती काढून तिथे अर्ध्या इंचाचा स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह बसवा. प्लंबिंगच्या दुकानात पाण्याच्या टाकीला लावतात तो टँक निपल मिळतो, तो स्टीलचा मागा. पितळेचा नको, त्यात शिसं असू शकतं. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचे वॉशर घाला. रबराचे काळे वॉशर गरम झाले की रसाला वास लावतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आतली गाळणी. वॉश बेसिनला जोडतात ती विणलेल्या स्टीलच्या तारांची लवचिक नळी असते ना, तीच. दोन फुटांची घ्या, ३०४ स्टीलची, थोडी महाग असली तरी. हलक्या नळीची वीण ॲल्युमिनियमची असते, बोटाने दाबली की चेपते आणि बोटाला राखाडी रंग लागतो. हॅक्सॉने दोन्ही टोकांचे नट कापून टाका. मग तारांची वीण दोन्ही हातांनी आतल्या बाजूला सरकवा. ती फुगते आणि आतली रबरी नळी मोकळी होते. रबरी नळी ओढून फेकून द्या. हातात सापाच्या कातेसारखी पोकळ, लवचिक जाळी राहते. तिचं एक टोक दुमडून स्टीलच्या तारेने घट्ट बांधा, दुसरं टोक टँक निपलच्या आतल्या तोंडावर चढवून क्लिपने आवळा. जाळी जाराच्या तळाला वेटोळं घालून बसली पाहिजे. वापरण्याआधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून घ्या, कारखान्यातलं तेल निघून जातं.

एवढ्यानेही ज्वारी गळणार नाही, आणि सातूपेक्षा ज्वारीचं वेगळेपण इथेच पहिल्यांदा आडवं येतं. सातूच्या दाण्याला चिवट साल असते. भरडल्यावर त्या सालींचाच थर बसतो आणि रस त्यातून गाळला जातो. ज्वारीचा दाणा उघडा, त्याला साल नाही. मग तो थर आपण द्यायचा, धानाच्या तुसाचा. आमच्याकडे धान होत नाही, पण भंडाऱ्याकडे मामाच्या गावी राइस मिलबाहेर तुसाचे डोंगर लागलेले असतात. पोतंभर आणून ठेवलं की वर्ष निघतं. तूसच आणा, कोंडा नको. कोंडा पिठासारखा असतो आणि गाळणी आणखी तुंबवतो. पाच किलो माल्टला अर्धा किलो तूस पुरतं. आधी तीन पाणी धुवा, धूळ जाते. मग दहा मिनिटं उकळून निथळून घ्या.

पाणी

वीस लिटर रस आटून तीन किलो पाक होतो, म्हणजे पाण्यात विरघळलेलं जे काही असेल ते सहा-सात पट दाट होऊन पाकात उतरतं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्याने केलेला पाक खारट लागतो. यवतमाळ-चंद्रपूरकडे ज्या बोअरला फ्लोराइड आहे तिचं पाणी तर मुळीच वापरू नका, उकळल्याने फ्लोराइड जात नाही. मी आरओच्या जाराचं पाणी तीन भाग आणि आमच्या विहिरीचं गोडं पाणी एक भाग असं घेते. निव्वळ आरओच्या पाण्यात कॅल्शियम नसतं, आणि थोडं कॅल्शियम असलं तर एन्झाइम उष्णतेत टिकून राहतात. पाणी जड असेल तर घाट्यात (पाण्यात कालवलेल्या भरडीत) एक-दोन लिंबं पिळा. आंबटपणा मोजायची पीएच पट्टी मिळाली तर ५.२ ते ५.६ च्या मध्ये रंग यावा.

कामाचा दिवस

सकाळी सहाला चूल पेटवा, म्हणजे संध्याकाळपर्यंत बरण्या भरून होतात.

ज्वारीचं दुसरं वेगळेपण म्हणजे तिचा स्टार्च फुलायला ७० अंशांच्या वरची उष्णता लागते, आणि साखर करणारे एन्झाइम मात्र तेवढ्या उष्णतेत मरायला लागतात. सातूवाले एकाच भांड्यात ६५ अंशांवर काम उरकतात. ज्वारीचं तसं केलं तर निम्मा स्टार्च कच्चाच राहतो. माझ्या पहिल्या वर्षीचा पाक पांढुरका आणि फिका यायचा तो यामुळे. उपाय असा, की एन्झाइम आधी पाण्यात उतरवून बाजूला काढायचे, दाणा शिजवायचा आणि मग दोघांची गाठ घालायची.

गंजात चौदा लिटर पाणी ४५ अंशांपर्यंत तापवा आणि चूल काढा. पाच किलो भरड थोडी थोडी टाकत सराट्याने ढवळा, गोळे राहू देऊ नका. वीस-पंचवीस मिनिटं शांत ठेवा. भरड खाली बसते आणि वर दुधट पाणी येतं. ते वरचं चार-पाच लिटर पाणी वाटीने अलगद काढून पातेल्यात घ्या आणि झाकून सावलीत ठेवा. साखर करायला लागणारे एन्झाइम या पाण्यात आहेत. ते चुकून चुलीजवळ राहिलं तर दिवस वाया गेला असं समजा.

गंजाखाली पुन्हा जाळ करा आणि खालचा दाट भाग सतत ढवळत उकळी आणा. ७० अंशांच्या आसपास तो आधी घट्ट होतो, मग आपोआप सैल पडतो. हात जड लागला तर लिटरभर उकळतं पाणी घाला. उकळी आली की अर्धा तास मंद आचेवर घाट्यासारखं शिजवा. बुडाला लागू देऊ नका आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. घाट्याचा थेंब उडून हातावर बसला की चिकटून भाजतो.

आता घाटा ७५ अंशांवर येऊ द्या. बाजूला ठेवलेलं पाणी ४० अंशांच्या आसपास असतं. ते घाट्यात ओतून भराभर ढवळलं की सगळं मिळून ६४ च्या जवळ येतं. घाटा ७५ च्या वर असताना ओतलं तर एन्झाइम मरतात, फार थंड असताना ओतलं तर ते सुस्त राहतात. लगेच सगळं जारात ओता, झाकण लावा, वरून वाकळ गुंडाळा आणि दीड तास हात लावू नका.

दीड तासाने आयोडीनची परीक्षा. औषधाच्या दुकानातलं आयोडीनचं द्रावण फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा. पांढऱ्या बशीत रसाचा स्वच्छ थेंब घ्या, निवू द्या आणि शेजारून आयोडीनचा थेंब त्याला भिडवा. निळा-काळा रंग आला तर स्टार्च अजून आहे, आणखी अर्धा तास ठेवा. रंग पिवळसर-तपकिरी राहिला तर साखर झाली. थेंबात भरडीचा कण आला तर तो काळा होणारच, तो धरू नका. बशी लगेच धुवा, हा थेंब परत जारात जाता कामा नये.

मग उकळून निथळलेलं तूस जारात घालून तळापासून मिसळा आणि पंधरा मिनिटं स्थिर होऊ द्या. व्हॉल्व्ह पाव भागच उघडा. पहिले तीन-चार लिटर गढूळ येतात, ते पळीच्या उलट्या बाजूवरून हळूच परत वर ओता, थर विस्कटू नये म्हणून. रस स्वच्छ दिसू लागला की कढईत घ्या, लिटरला दोन-तीन मिनिटं या संथ गतीने. इथे घाई केली की थर आवळतो आणि धार बंद पडते. तसं झालंच तर व्हॉल्व्ह मिटा, वरचा भाग सराट्याने हलकेच मोकळा करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरुवात करा. वरचा थर उघडा पडायच्या आत ७५ अंशांचं पाणी थोडं थोडं सोडत राहा, एकूण दहा-अकरा लिटर. ७८ च्या वरचं पाणी तुसातला तुरटपणा ओढतं. वीस लिटर रस झाला की पुरे. त्यानंतर येतं ते नुसतं पाणी.

जारातला चोथा त्याच दिवशी गाईच्या पुढ्यात थोडा थोडा घाला. दुसऱ्या दिवशी तो आंबतो.

आटवणं

अठरा लिटर पाणी उडवायला पावणेदोन किलोच्या आसपास गॅस जातो, निम्मी उष्णता हवेत जाते असं धरून. म्हणून मी आटवायला चूलच लावते. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) भरभर जळतात, पहिल्या दोन तासांच्या मोठ्या उकळीला त्या चांगल्या. शेवटच्या टप्प्याला बाभळीची दोन जाड लाकडं, म्हणजे आच एकसारखी राहते. वर आलेली मळी झाऱ्याने काढत राहा.

रस पाऊण आटला की चुलीजवळून उठायचं नाही. काकवीच्या सवयीने तार बघू नका. माल्टच्या पाकात डेक्स्ट्रिन (स्टार्चचे अर्धवट तुटलेले चिकट तुकडे) असल्याने तो कच्चा असतानाच तार धरतो आणि फसवतो. कारंजा-आष्टीकडच्या संत्रा बागायतदारांकडे ब्रिक्स, म्हणजे रसात शेकडा किती साखर आहे ते, मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर असतो, तो दिवसापुरता मागून आणा. त्याची पट्टी बहुधा ३२ पर्यंतच असते, तेव्हा १०० ग्रॅम पाकात ३०० ग्रॅम पाणी मिसळून, निववून मोजा आणि आकड्याला चारने गुणा. १९.५ आलं तर पाक ७८ ब्रिक्सचा झाला. तिथे उतरवा. त्याहून पातळ पाक महिन्याभरात बरणीचं झाकण फुगवतो.

पैसे आधी कुठे घालावेत

सुरुवातीलाच सगळं घ्यायची गरज नाही. पहिला खर्च थर्मामीटरवर करा. चांगला डिजिटल, लांब सुईचा. आणल्यावर बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात ९९ दाखवतो का बघा. आपला भाग समुद्रापासून तीनशे मीटरच्या आसपास उंच, इथे पाणी १०० च्या एक अंश आधीच उकळतं. माझा जुना थर्मामीटर पाच अंश कमी दाखवायचा. मी ६४ समजून ६९ वर धरत होते, आणि चूक ज्वारीत शोधत होते.

दुसरा खर्च गाळणी आणि व्हॉल्व्हवर. जार नंतर घेतला तरी चालतो, तोवर गंजालाच छिद्र पाडून व्हॉल्व्ह बसवा आणि गंजाला दोन वाकळी गुंडाळा. ऊब किती टिकते ते रिकाम्या दिवशी तपासा: ६५ अंशांचं पाणी भरून झाका आणि दीड तासाने मोजा. दोन अंशांपेक्षा जास्त उतरलं तर तळाखाली कुटार (भुसा) भरलेलं पोतं घाला. उष्णता सगळ्यात जास्त थंड फरशीतून जाते.

तिसरी सुधारणा बिनपैशाची. गरम पाण्याचा गंज ओट्यावर, जार मधल्या पायरीवर, कढई खाली जमिनीवर. पाणी आणि रस आपल्या वजनाने उतरतात, वीस किलोचं गरम भांडं उचलावं लागत नाही. आमच्याकडे ओट्याला दोनच पायऱ्या होत्या, तिसरी विटांची रचून केली.

विजेचा हीटर आणि थर्मोस्टॅट लावायचा मोह होतो. गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही आणि पाण्यात टाकायचा रॉड स्टीलच्या गंजात धोक्याचा, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. वाकळ पुरते. बचत गटातून विकायचा विचार असेल तर रिफ्रॅक्टोमीटर स्वतःचा घ्या, ५८ ते ९० ब्रिक्सचा, मधवाले वापरतात तो. आणि विक्रीआधी अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या.

पाक गरम असतानाच कोरड्या, उकळून वाळवलेल्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा. झाकणावर तारीख, ज्वारीचं वाण आणि ब्रिक्स लिहा. मग बसण्याआधी जार रिकामा करून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, जाळी काढून तिची वीण बोटांनी फुगवून झटका आणि दोरीवर उन्हात टांगा. वाळलेला स्टार्च तारांत अडकला की दुसऱ्या दिवशी तो सुईनेही निघत नाही.